आवराआवर कुणाच्या माथी?

रिसॉर्टमधली खोली आता रोज आवरून मिळत नाही, या तक्रारीकडे लोक सहसा दोन प्रकारे पाहतात. एक सूर गिऱ्हाइकाचा: पैसे पुरते मोजून घेता, मग सेवेतच हात आखडता का? दुसरा समंजसाचा: त्यात एवढे काय बिघडले, घरी तरी आपण रोज चादर कुठे बदलतो? अमेरिकेत मुलांकडे जाऊन हवाई, ऑरलँडो किंवा लास वेगास करून आलेल्या मराठी मंडळींच्या गप्पांतही हे दोन्ही सूर ऐकू येतात आणि विषय तिथेच मिटतो. मला दोन्ही उथळ वाटतात, कारण दोघेही पाहुण्याच्या पलंगावर बसून हिशेब मांडतात. खोली किती वेळा साफ झाली एवढेच ते मोजतात. जी साफसफाई झाली नाही तिचे पुढे काय झाले, हे कुणी विचारत नाही.

माझे म्हणणे असे आहे. महासाथीनंतर कमी झाली ती सेवा. काम कमी झालेले नाही. त्या कामाचा एक हिस्सा पाहुण्यांच्या, आणि कुटुंब असेल तर बहुतेक वेळा त्यातल्या बाईच्या, अंगावर आला. दुसरा हिस्सा साचत राहिला आणि कामावर उरलेल्या मोजक्या रूम अटेंडंट स्त्रियांच्या पाठीवर एकदम पडला. या उलाढालीत जो पैसा सुटला, तो यांपैकी कुणाच्याही हाती आला नाही. हे सगळे ‘ग्राहकाची निवड’ या नावाखाली झाले. म्हणून चादर रोज बदलावी की नाही, हा इथे दुय्यम प्रश्न आहे. वाचलेला तास आणि वाचलेला डॉलर कुणाचा, हा मुख्य प्रश्न आहे.

१. महासाथ हे निमित्त

प्रचलित समज असा, की कोव्हिडमुळे ही पद्धत आली आणि मग सवयीने राहिली. घटनाक्रम तपासला तर हा समज टिकत नाही. २०२० च्या उन्हाळ्यात हॉटेले पुन्हा उघडली तेव्हा परक्या माणसाने रोज खोलीत येऊ नये, ही भीती खरी होती. त्या काळात बड्या साखळ्यांनी स्वच्छतेचा गाजावाजाही भरपूर केला. हिल्टनने जंतुनाशकाच्या नामांकित ब्रँडशी हातमिळवणी करून साफ केलेल्या खोलीच्या दाराला सील लावण्याची पद्धत काढली. पण एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने स्पष्ट केले, की पृष्ठभागाला हात लागून संसर्ग होण्याचा धोका अगदी कमी, एका स्पर्शामागे दहा हजारांत एकाहूनही कमी आहे. त्यानंतर, म्हणजे जुलै २०२१ मध्ये, हिल्टनचे नवे धोरण चर्चेत आले: अमेरिकेतल्या आलिशान श्रेणी सोडून बाकीच्या हॉटेलांत खोली रोज आपोआप साफ होणार नाही; हवी असेल तर मागावी लागेल; लांबच्या मुक्कामात पाचव्या दिवशी मात्र साफ केली जाईल. पुढे या नियमांत ब्रँडनुसार फेरफार होत गेले. मॅरियटनेही श्रेणीनुसार उतरंड लावली: वरच्या श्रेणीत रोज पूर्ण सफाई, मधल्या श्रेणीत रोजची वरवरची आवराआवर, खालच्या श्रेणीत दिवसाआड. थोडक्यात, आरोग्याचे कारण ओसरल्यावर धोरण कायम झाले.

कारण कोणते होते, हे कंपन्यांनी गुंतवणूकदारांपासून लपवलेही नाही. हिल्टनचे मुख्याधिकारी क्रिस्टोफर नसेटा यांनी फेब्रुवारी २०२१ मध्येच सांगितले होते, की या संकटातून बाहेर पडू तेव्हा हॉटेलांचा नफा अधिक असेल आणि त्यांना कोव्हिडपूर्व काळापेक्षा कमी मनुष्यबळ लागेल. त्यात हाउसकीपिंगचा उल्लेख ठळक होता. पाहुण्याला सांगितलेले कारण खासगीपणाचे आणि आरोग्याचे. भागधारकाला सांगितलेले कारण मजुरीचे.

शिवाय ही कल्पना महासाथीच्या दशकभर आधीची आहे. पुढे २०१६ मध्ये मॅरियटने विकत घेतलेल्या स्टारवुड कंपनीने ‘मेक अ ग्रीन चॉइस’ नावाची योजना आणली होती: आज खोली साफ करू नका म्हणा आणि पाच डॉलरचे कुपन किंवा पॉइंट घ्या. २०१८ च्या शरद ऋतूत अमेरिकेतल्या आठ शहरांत मॅरियटचे सुमारे ७,७०० कामगार संपावर गेले. वायकिकी आणि माउई इथल्या पाच हॉटेलांतला संप ५१ दिवस चालला. त्या संपाच्या तक्रारींत ही ‘हिरवी निवड’ही होती, कारण तिच्यामुळे कामाचे तास घटत होते आणि नंतर साफ करायला मिळणाऱ्या खोल्या अधिक घाण असत. म्हणजे वाद जुना होता, बेत जुना होता. महासाथीच्या वाहत्या गंगेत मालकांनी हात धुवून घेतले. फरक एवढाच, की आधी सेवा सोडणाऱ्याला पाच डॉलर तरी मिळत. नंतर तेही बहुतेक ठिकाणी गेले.

२. रिसॉर्टचे गणित वेगळे असते

शहरातले कामाधंद्याचे हॉटेल आणि समुद्रकाठचे रिसॉर्ट यांना एकाच तराजूत तोलले, की या धोरणाचा खरा परिणाम दिसेनासा होतो. व्यापारी हॉटेलात माणूस रात्री येतो, सकाळी जातो. तिथली बहुतेक सफाई चेकआउटनंतरची असते आणि ती टाळताच येत नाही. रिसॉर्टमध्ये मुक्काम लांब. हवाईला जाणारा पर्यटक सरासरी आठ-नऊ दिवस राहतो. तिथे कामाचा मोठा भाग मुक्काम चालू असलेल्या खोल्यांचा असतो, आणि कात्री लागली ती नेमकी त्यालाच.

एक कल्पित हिशेब मांडू. तीनशे खोल्यांचे भरलेले रिसॉर्ट, प्रत्येकाचा मुक्काम सहा रात्री. मग रोज सरासरी ५० खोल्या रिकाम्या होतील आणि २५० चालू राहतील. अमेरिकेतल्या मोठ्या हॉटेलांत एका रूम अटेंडंटला दिवसाला साधारण १४ ते १६ खोल्या दिल्या जातात. आपण १५ धरू. रोज तीनशे खोल्या म्हणजे वीस जणी. आता नियम बदलला: एक सफाई पाचव्या दिवशी, एक चेकआउटला. रोजच्या खोल्या शंभरावर आल्या. त्या जास्त मळलेल्या असणार म्हणून दिवसाला बाराच दिल्या, असे उदारपणे मानले, तरी नऊ जणी पुरतात. काही पाहुणे रोज मागणी करतीलच, ते धरून बारा-तेरा म्हणा. म्हणजे वीसपैकी सात-आठ जणींना त्या दिवशी कामावर बोलावण्याची गरज नाही. हेच गणित एका रात्रीच्या मुक्कामाच्या हॉटेलात करा; एकीचाही तास कमी होत नाही. ‘सगळीकडे तसेच चालले आहे’ हे वाक्य म्हणूनच फसवे आहे. नियम सर्वत्र तोच असला तरी त्याचा घाव रिसॉर्टवर बसतो.

अमेरिका-कॅनडातल्या हॉटेल कामगारांच्या युनाइट हिअर या संघटनेने २०२१ मध्ये अंदाज मांडला होता, की रोजची सफाई कायमची गेली तर अमेरिकेतल्या हाउसकीपिंगच्या ३९ टक्क्यांपर्यंत नोकऱ्या आणि वर्षाकाठी ४.८ अब्ज डॉलरची मजुरी बुडू शकते. हा एका पक्षाचा अंदाज आहे, तो तसाच घ्यावा. पण वरचे साधे गणित पाहिले, तर तो हवेतला वाटत नाही.

३. काम हात बदलते

आता मूळ मुद्दा. न झालेली सफाई जाते कुठे?

*पहिला हात, पाहुण्याचा.* रिसॉर्ट नेमके काय विकते? समुद्र सगळ्यांचा असतो आणि ऊन फुकट असते. रिसॉर्ट विकते ते चार दिवस घरकामातून सुटका. ही सुटका कुटुंबात सर्वांना सारख्या किमतीची नसते. ज्याने घरी कधी केर काढला नाही, त्याला हॉटेलातली आवरलेली खोली ही एक सोय वाटते. जिच्या डोक्यात घरी सतत आवराआवर चालू असते, तिच्यासाठी तीच सुट्टी असते. आर्ली हॉकशील्ड या समाजशास्त्रज्ञ विदुषीने १९८९ मध्ये नोकरदार स्त्रीच्या घरातल्या ‘दुसऱ्या पाळी’विषयी लिहिले. रिसॉर्ट हे त्या पाळीतून सुटण्याचे दुर्मिळ ठिकाण होते. आता चौघांच्या कुटुंबात ओले टॉवेल दोरीवर कोण टाकतो, भरलेली कचऱ्याची पिशवी बांधून दाराबाहेर कोण ठेवतो, टॉयलेट पेपर संपला म्हणून रिसेप्शनला फोन कोण करतो? उत्तर बहुतेक घरांत ठरलेले आहे. इव्हान इलिच यांनी १९८१ मध्ये अशा बिनपगारी कामाला छायाश्रम म्हटले होते: व्यवस्था चालायला ते लागतेच, पण हिशेबाच्या वहीत त्याची नोंद नसते.

*दुसरा हात, कामगाराचा.* पाचव्या सकाळची समुद्रकाठची खोली डोळ्यांपुढे आणा. शॉवरच्या जाळीत वाळू आणि केसांचा गुंता अडकून पाणी तुंबलेले. दाराआड ओल्या टॉवेलांचा ढीग, त्याला आंबूस वास. चादरीवर सनस्क्रीनचे पिवळट डाग. टोपली कधीच भरली म्हणून शेजारी पिझ्झाची खोकी रचलेली. चटईच्या धाग्यांत रुतलेली वाळू, जी व्हॅक्यूमच्या एका फेरीत निघत नाही. रोज वीस-पंचवीस मिनिटांत होणारी खोली आता तेवढ्यात होत नाही. पण दिवसाच्या खोल्यांचा आकडा कमी झालाच असेल, असे नाही. पलंगाचे काम तर तसूभरही बदललेले नाही: एका हाताने जड गादीचा कोपरा उचलायचा, दुसऱ्या हाताने चादर खाली सारायची. दोन मोठ्या पलंगांचे आठ कोपरे. पंधरा खोल्यांचे एकशेवीस. पाच मोठ्या कंपन्यांच्या अमेरिकेतल्या ५० हॉटेलांचा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हाउसकीपिंगमधल्या कामगारांत दुखापतींचे प्रमाण हॉटेलातल्या सर्व कामांत सर्वाधिक, वर्षाला शंभर कामगारांमागे ७.९, आढळले. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१८ पासून फक्त हॉटेल हाउसकीपिंगसाठी स्नायू आणि सांध्यांच्या दुखापती टाळण्याचा नियम लागू केला, तो उगाच नाही.

*तिसरे, तासांची अनिश्चिती.* काम मागणीवर अवलंबून ठेवले, की उद्या किती खोल्या निघतील हे आज कळत नाही. मग वेळापत्रक शेवटच्या क्षणी लागते, आणि ज्येष्ठता कमी असलेल्या बाईला आठवड्याचे तास पुरे पडत नाहीत. हवाईत या तासांना आणखी एक अर्थ आहे. तिथल्या १९७४ च्या कायद्याने आठवड्याला २० तास काम करणाऱ्याला आरोग्यविमा देणे मालकावर बंधनकारक आहे. म्हणजे तास घटले की फक्त पगार घटत नाही. एका रेषेखाली गेले की घरातल्या माणसाचे औषधपाणीही धोक्यात येते. वायकिकीतल्या हाउसकीपिंगमध्ये फिलिपिन्सहून आलेल्या स्थलांतरित स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत. ‘सेवा ऐच्छिक’ हे दोन शब्द त्यांच्या घरात असे पोचतात.

या तिन्हींची बेरीज केली तर चित्र असे दिसते: एका टोकाला एक बाई सुट्टीत काम करते, दुसऱ्या टोकाला एका बाईचे काम सुटते, मध्ये तिसरीचे दुप्पट होते, आणि शिल्लक राहिलेला पैसा तिघींनाही मिळत नाही.

४. ‘हवे असल्यास सांगा’ यातली मेख

यावर ठरलेले उत्तर असते: सेवा बंद कुठे केली, मागा आणि घ्या. वरवर हे रास्त आहे. पण न बोलता जे घडते, तेच बहुतेकांच्या वाट्याला येते, हे धोरण आखणाऱ्यांना चांगले ठाऊक असते. जॉन्सन आणि गोल्डस्टीन या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवले, की अवयवदानासाठी होकार नोंदवावा लागणाऱ्या जर्मनीत संमतीचे प्रमाण १२ टक्के होते आणि नकार नोंदवावा लागणाऱ्या ऑस्ट्रियात जवळजवळ १०० टक्के. माणसे तशीच, प्रश्न तोच, फक्त गप्प राहण्याचा अर्थ वेगळा. हॉटेलांनी हाच अर्थ उलटवला. पूर्वी गप्प राहिले की खोली साफ होत असे आणि नको असेल तर दारावर पाटी लावायची. आता गप्प राहिले की काही होत नाही. हवे असेल तर फोन करायचा, ॲपवर वेळ नोंदवायची, काही ठिकाणी आदल्या दिवशीच सांगायचे.

त्यात भिडेचा भाग वेगळाच. ‘माझ्या खोलीसाठी कशाला कुणाला त्रास’ असे म्हणणारा भला माणूस मागणी करत नाही, आणि आपण कुणाचे तरी ओझे हलके केले अशी त्याची समजूत होते. प्रत्यक्षात त्याने त्या बाईचा आजचा अर्धा तास घालवला आणि चेकआउटच्या दिवशी तिच्यासाठी एक अवघड खोली ठेवली. त्याचा चांगुलपणा अशा रीतीने मालकाच्या खात्यावर जमा होतो.

गप्प राहण्याचा अर्थ कुणी ठरवायचा, हा प्रश्न आपल्यालाही नवा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी बिलात सेवाशुल्क आपोआप लावण्यास हॉटेल-रेस्तराँना मनाई केली, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. तत्त्व साधे होते: ग्राहकाच्या मौनातून त्याच्या खिशात हात घालू नये. मौनातून सेवा काढून घेणे ही त्याचीच दुसरी बाजू आहे. पहिल्यात पैसे वाढतात आणि सेवा तीच राहते; दुसऱ्यात सेवा घटते आणि पैसे तेच राहतात.

पैसे तेच राहतात, हे रिसॉर्टच्या बाबतीत विशेष खरे. अमेरिकेत खोलीच्या भाड्याखेरीज ‘रिसॉर्ट फी’ वेगळी घेतात. सफाई कमी झाली म्हणून ती उतरल्याचे सहसा दिसत नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १२ मे २०२५ पासून हॉटेलांना सक्ती केली, की अशी शुल्के धरून एकूण किंमत आधीच दाखवावी. चांगला नियम आहे. पण किमतीत काय काय वाढवले, हे उघड करायला तो भाग पाडतो. त्या किमतीतून काय काढून घेतले, हे सांगायला भाग पाडत नाही.

५. आक्षेप आणि उत्तरे

*आक्षेप पहिला: घरी आपण रोज चादर बदलत नाही.* खरे आहे, पण रोजची सफाई म्हणजे रोज चादर बदलणे नव्हे. महासाथीच्या आधीही बऱ्याच हॉटेलांत लांबच्या मुक्कामात चादर दोन-तीन दिवसांनी बदलत. रोज होत असे ते बाथरूम पुसणे, कचरा नेणे, पलंग नीट करणे, संपलेले सामान भरणे. आणि घरचाच दाखला द्यायचा, तर आपल्या घरांत केर-फरशी रोजच होते. शहरी मध्यमवर्गीय घरात ती बहुधा मावशी करतात. त्या आल्या नाहीत तर घरातल्या बाईला दिवसभर हाशहुश होते. ‘घरी कुठे रोज करतो’ असे म्हणणाऱ्याने, घरी ते कोण करते, हे आधी सांगावे.

*आक्षेप दुसरा: अनेकांना खोलीत कुणी आलेले नको असते.* त्यांचा हक्क निर्विवाद आहे, आणि तो दारावरच्या पाटीने कित्येक दशके बजावता येत होता. खासगीपणा जपायला नवे धोरण लागत नव्हते. उलट सुरक्षेच्या दृष्टीने हॉटेलेच पाटीला बिचकू लागली होती. २०१७ मध्ये लास वेगासमध्ये हॉटेलच्या खोलीतून गोळीबार झाला. त्यानंतर डिस्नेने आपल्या काही हॉटेलांतली ‘व्यत्यय आणू नका’ची पाटी काढून ‘खोलीत मुक्काम आहे’ अशी पाटी लावली आणि रोज डोकावण्याचा अधिकार स्वतःकडे ठेवला. खोलीवर रोज माणसाची नजर पडणे २०१७ नंतर गरजेचे होते आणि महासाथीनंतर एकाएकी नकोसे झाले, हे पटण्यासारखे नाही.

*आक्षेप तिसरा: पाणी आणि वीज वाचते.* लॉन्ड्रीत पाणी, उष्णता आणि साबण भरपूर लागतो, ही गोष्ट खरी. टॉवेल पुन्हा वापरायलाच हवेत. पण ती बचत कापडातून होते, कामगाराच्या तासातून नव्हे. गोल्डस्टीन, चालदिनी आणि ग्रिस्केव्हिशियस यांच्या २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, पर्यावरणाचा नेहमीचा संदेश वाचून ३५.१ टक्के पाहुण्यांनी टॉवेल पुन्हा वापरला. इतर बहुतेक पाहुणे तसे करतात एवढे सांगितल्यावर ४४.१ टक्क्यांनी. एक कार्ड नीट लिहिले की पाणी वाचते. त्यासाठी खोलीत कुणी पाऊल ठेवू नये, अशी अट नाही. कचरा उचलण्याला आणि बेसिन पुसण्याला पर्यावरणाच्या खात्यात घालणे म्हणजे भलत्याच्या नावावर बिल फाडणे. आणि साचलेला थर काढायला जोरकस रसायने लागतात, ती कुठल्या खात्यात लिहायची?

*आक्षेप चौथा: कामगार मिळत नाहीत आणि मजुरी वाढली.* हा सर्वांत गंभीर आक्षेप आहे, कारण त्यात तथ्य आहे. एप्रिल २०२० या एका महिन्यात अमेरिकेतल्या पर्यटन-आतिथ्य क्षेत्रातल्या सुमारे ७७ लाख नोकऱ्या गेल्या, आणि गेलेले सगळे परतले नाहीत. त्याहून खोल कारण अर्थशास्त्रज्ञ विल्यम बॉमोल यांनी विल्यम बोवेन यांच्यासह १९६६ मध्येच मांडले होते: चौघांनी वाजवायच्या रचनेला शंभर वर्षांपूर्वी जेवढे वादक आणि जेवढा वेळ लागे, तेवढाच आजही लागतो, यंत्रांनी इतरत्र उत्पादकता वाढली की अशा कामाची किंमत सापेक्षतः चढतच जाते. पलंग आवरणेही त्याच जातीचे काम आहे. तेव्हा सफाई महाग होणार, हे कबूल. पण यातून निष्कर्ष निघतो तो उघडपणे दाम घेण्याचा किंवा उघडपणे सूट देण्याचा. तेच दाम घेऊन गुपचूप काम कमी करण्याचा नाही. आणि कामगार मिळत नाहीत ही तक्रार करतानाच तास अनिश्चित आणि खोल्या अवघड करणे म्हणजे, बसायच्या फांदीवरच कुऱ्हाड चालवणे आहे.

*आक्षेप पाचवा: कंबरडे मोडणारे काम टिकवायचे तरी कशाला?* हा आक्षेप कामगाराच्या बाजूने उभा राहिल्याचा आव आणतो, म्हणून त्याचे उत्तर नीट द्यायला हवे. काम कमी व्हावे, ही इच्छा योग्यच आहे. सफाई दिवसाआड करा, दिवसाच्या खोल्या दहावर आणा आणि आठवड्याचा पगार तोच ठेवा. कुठलीही रूम अटेंडंट त्याला विरोध करणार नाही. विरोध होतो तो काम घटवण्याच्या नावाखाली माणसे घटवण्याला. स्वतः कामगारांचे म्हणणे काय, हे त्यांच्या मागण्यांतून दिसते. सप्टेंबर २०२४ मध्ये वायकिकीतल्या हिल्टन हवायन व्हिलेज या अडीच हजारांहून अधिक खोल्यांच्या रिसॉर्टमध्ये सुमारे १,८०० कामगार संपावर गेले आणि ४० दिवस रस्त्यावर राहिले. महासाथीत कापलेली कामे परत आणा, ही त्यांची एक मोठी मागणी होती. ज्यांची पाठ दुखते त्याच बाया रोजची सफाई परत मागतात, याचा अर्थ त्यांना कष्टांची आवड आहे असा नाही. रोजची हलकी खोली ही पाचव्या दिवशीच्या जड खोलीपेक्षा पाठीला आणि पगाराला, दोन्हींना बरी, हे त्यांना अनुभवाने कळलेले आहे.

*आक्षेप सहावा: नको असेल तर दुसऱ्या हॉटेलात जा, बाजार आपोआप ठरवेल.* बाजाराने काय ठरवले ते पाहा. आलिशान श्रेणीत रोजची सफाई राहिली. म्हणजे तिची किंमत कंपन्यांना पक्की ठाऊक आहे. मधल्या श्रेणीत सगळ्या साखळ्या एकाच दिशेने सरकल्या, तेव्हा ‘दुसरे हॉटेल’ उरले कुठे? जिथे सेवा परत आली तिथे ती संघटित ताकदीने आली. नेवाडा राज्याने २०२० मध्ये लास वेगास आणि रीनो परिसरात रोजची सफाई कायद्याने सक्तीची केली होती. मे २०२३ मध्ये तो कायदा रद्द झाला. त्याच नोव्हेंबरात तिथल्या कलिनरी युनियनने संपाची तारीख जाहीर करून सीझर्स, एमजीएम आणि विन या तिन्ही कंपन्यांशी केलेल्या करारांत रोजची सफाई लिहून घेतली. कायदा गेला, बाजार जागचा हलला नाही. करार आला आणि खोल्या रोज साफ होऊ लागल्या.

६. गोव्याची खोली काय सिद्ध करते?

या वादाचा एक पुरावा आपल्या दाराशी आहे. ज्या जागतिक साखळ्यांनी अमेरिकेत हात आखडला, त्यांचीच नावे मिरवणाऱ्या हॉटेलांत गोव्यात किंवा मुंबईत खोली आजही रोज आवरली जाते. वरच्या श्रेणीत संध्याकाळी पुन्हा कुणीतरी येऊन पलंग रात्रीसाठी लावून जाते. विषाणू तोच होता, पृथ्वी तीच आहे, ग्राहकाला खासगीपणाही तेवढाच प्रिय आहे. बदलते ती एकच गोष्ट: मजुरी. पाहुण्याची इच्छा किंवा पर्यावरण हे खरे कारण असते, तर उन्हाळ्यात टँकरवर विसंबणाऱ्या गोव्याच्या किनारपट्टीवर ही पद्धत सर्वांत आधी यायला हवी होती.

म्हणून आपण पाठ थोपटून घेण्यासारखे मात्र काही नाही. आपल्याकडे सेवा टिकली ती स्वस्त हातांमुळे. इथे हाउसकीपिंगमध्ये बरेचदा परराज्यांतून आलेली तरुण मुले असतात. अनेकांची नेमणूक कंत्राटदारामार्फत आणि हंगामापुरती. दिवसाला किती खोल्या द्याव्यात, यावर जाहीर वाद नाही, कारण तो घालायला त्यांच्यामागे बलदंड संघटना नाही. उद्या इथली मजुरी थोडी चढली, की ‘पृथ्वी वाचवा’चे गोंडस कार्ड उशीवर येईल, आणि तेव्हा आपणही त्याला समंजसपणे मान डोलावू. हा लेख मराठीत लिहिण्याचे कारण तेच आहे: वाद आपल्याकडे येण्याआधी त्याचे प्रश्न नीट ठरलेले असावेत.

७. चार कसोट्या

सफाई कमी करणे मुळातच गैर आहे, असे माझे म्हणणे नाही. एखादे हॉटेल प्रामाणिकपणे ती कमी करू शकते. पण ते चार कसोट्यांना उतरले पाहिजे.

पहिली, दामाची: सेवा सोडणाऱ्याला बुकिंगच्या वेळीच, रोख रकमेत, दिसेल अशी सूट मिळावी. पॉइंट नकोत, झाडे लावल्याचे प्रमाणपत्रही नको.

दुसरी, मौनाची: काही न बोलणाऱ्या पाहुण्याची खोली साफ व्हावी. नको असेल त्याने पाटी लावावी. बोलण्याचा भार सेवा नाकारणाऱ्यावर असावा.

तिसरी, वेळेची: कामगाराला दिवसाच्या खोल्या मोजून देताना ती खोली किती दिवस साफ झालेली नाही, हे धरावे. लॉस एंजलिसने २०२२ मध्ये मोठ्या हॉटेलांसाठी आठ तासांत ३,५०० चौरस फुटांची मर्यादा घातली आणि ती ओलांडली तर त्या दिवसाची दुप्पट मजुरी ठरवली. खोल्यांऐवजी क्षेत्रफळ मोजता येते, तर साचलेले दिवसही मोजता येतील.

चौथी, वेगळेपणाची: कापड आणि काम यांचा हिशेब वेगळा ठेवावा. पाणी वाचवायचे असेल तर टॉवेलविषयी बोला. मजुरी वाचवायची असेल तर मजुरीविषयी बोला.

या कसोट्या लावायला पाहुण्याला अर्थशास्त्र शिकावे लागत नाही. चेक-इन करताना ‘आमच्याकडे सफाई मागणीनुसार’ असे कुणी सांगितले, की दोनच गोष्टी विचाराव्यात: मी मागितली नाही तर माझे बिल कितीने कमी होईल, आणि माझ्या खोलीला जास्त वेळ लागला तर साफ करणाऱ्या बाईच्या खोल्या कितीने कमी होतील? काउंटरवरच्या मुलाला उत्तर ठाऊक नसेल. तो त्याचा दोष नाही. पण हे प्रश्न पुरेशा लोकांनी पुरेशा वेळा विचारले, तर ते वरपर्यंत जातात. दोन्हींची उत्तरे आकड्यांत मिळाली तर खुशाल सेवा सोडावी, त्यात खरोखर सगळ्यांचेच भले आहे. नाही मिळाली, तर रोज सफाई मागावी आणि ती मागताना अजिबात ओशाळू नये. जिच्यासाठी आपण ओशाळतो, तिला आपल्या संकोचापेक्षा कामाच्या तासांची गरज अधिक आहे.